डावा पाय

जात विचारता, डॉक्टरीणबाई?
लिहा: लागोत्तो. पाण्याची कुत्री.
कोमाक्क्योच्या खाजणात हिच्या पणजीची पणजी
बर्फाचा पापुद्रा फोडून
गोळी लागलेली बदकं काठावर आणायची.
मग पंप बसले, खाजण उपसलं,
बदकं उतरायची तिथं बीट पिकू लागलं.
पाणी गेलं, कुत्री उरली.
कुणीतरी तिला डोंगरावर नेलं
आणि म्हणालं, आता माती हुंग.

अजूनही पाण्याचं भांडं ठेवलं
की आधी दोन्ही पंजे आत.
फरशीवर तळं, मग पिणं.
ओरेस्ते म्हणायचा, ओरडू नकोस, नीव्हेस,
ती जरा आजोळी जाऊन येतेय.

नाव ब्रिचोला. म्हणजे पावाचा चुरा.
वय नऊ. वजन तुम्हीच करा,
माझ्या काट्यावर ती चढत नाही. मीही टाळते.

केसांचं मात्र मला विचारा.
रान त्याचं होतं, कात्री माझी,
अठ्ठेचाळीस वर्षं, सहा कुत्री.
हे केस गळत नाहीत, गुंततात.
महिनाभर हात लावला नाही तर नमदा होतो
आणि खालची कातडी गुपचूप कुजते.
कानातले बोटांनी उपटायचे, थोडे थोडे,
तिनं मान फिरवली की थांबायचं.
जूनमध्ये कुसळं. बोटांच्या बेचक्यात शिरतात
आणि मागं फिरणं त्यांना ठाऊक नसतं.
रोज संध्याकाळी चारही पंजे, चष्मा लावून.

ही जांभई झोपेची नव्हे हं.
तुमच्या हातात सुई आहे ना.
ट्रेखाली ठेवा. हं. आता बघा, ओठ चाटायचे थांबले.

फेब्रुवारीत ओरेस्ते गेला.
मे महिन्यात मी तिला रानात नेलं,
काळ्या ट्रफलचे दिवस होते.
शब्द सगळे मला पाठ: शोध, हळू, सोड,
त्याच्याच बोलीतले, त्याच्याच खरखरीत सुरात.
खिशात चीजची वाळकी साल.
ती पॉप्लरखाली बसली
आणि माझ्याकडे बघत राहिली,
दाराशी आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तशी.

तीन रविवार असेच.
शेजारचा प्रीमो म्हणाला, दुःखात आहे बिचारी,
म्हातारीही झालीय, तरी चारशे युरो देतो.
दुःखाचे एवढे पैसे प्रीमो देत नसतो,
म्हणून मी नाही म्हटलं.

चौथ्या रविवारी ओढ्याच्या उतारावर
माझा घोटा मुरगळला. डावा.
त्याला, ओढ्याला आणि प्रीमोला शिव्या देत
मी दोन पावलं फरफटत टाकली,
आणि ती उठली.
नाक खाली. शेपूट ताठ. सरळ ओकच्या मुळाशी.

ओरेस्तेच्या डाव्या पायावरून ट्रॅक्टर गेला होता,
आमच्या लग्नाच्या आधीच.
तो लंगडतो हे मी कधीच विसरले होते.
चांगल्या जागेशी आला की जास्तच ओढायचा तो पाय,
त्याला स्वतःला माहीत नसेल.
नऊ वर्षं तो शोध, शोध म्हणत राहिला.
ती पाय वाचत होती.

अक्रोडाएवढं निघालं. विकलं नाही.
अंड्यावर किसलं, दोघींनी खाल्लं.
तिला द्यायचं नसतं म्हणे, द्या मला दोष.

घोटा आता बरा आहे,
पण रानात शिरले की मी लंगडते.
प्रीमोनं पाहिलं, बारमध्ये सांगितलं,
पाद्रीबाबा काठी घेऊन घरी आले.
मी ठेवून घेतली. टोमॅटोला आधार झाला.

हो, आज कशासाठी आणली ते राहिलंच.
कालपासून तीही लंगडतेय.
पुढचा, डावा.
क्षणभर मला काहीबाही वाटलं, ते लिहू नका.
कुसळ असेल. परवा मी पंजे पाहिले नाहीत,
त्याचे सदरे बांधत बसले होते.
तुम्हीच बघा ना जरा, दिव्याखाली,
मी धरते तिला.
चष्मा घरीच राहिला.